पहिलं युकुलेले घेताना माझे ९,९९९ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगते, "ऑनलाइन पैसे पाठवायचेच कशाला" हा सल्ला मला नकोय. तो घरातल्या प्रत्येकाने दोन-दोनदा देऊन झालाय. मी कुठल्या लिंकवर गेले नाही, ओटीपी कुणाला सांगितला नाही, पैसे घ्यायला म्हणून पिन टाकला नाही. त्या सगळ्या भानगडी तुम्हाला माहीत आहेत, मलाही होत्या. ग्रुपवरून गाठ पडलेल्या एका माणसाने मला युकुलेलेच, म्हणजे चार तारांचं गिटारसारखं छोटं वाद्य, विकलं. निदान युकुलेलेच्या आकाराचं काहीतरी विकलं, आणि नेमकी तीच माझी पंचाईत झाली आहे.

हिशेब असा. बुकिंगचे १,०००. उरलेले ६,८५०. हार्ड केसचं 'परत मिळणारं' डिपॉझिट १,४९९. माल परत न्यायला येणाऱ्या आणि कधीच न आलेल्या कुरिअरचे ६५०. शेवटच्या ६५०वर लोक सगळ्यात जास्त हसतात. हसा.

नवशिक्यांच्या एका ग्रुपवर मी विचारलं होतं की पहिलं युकुलेले कुठल्या साइजचं घ्यावं. तिथे धड कुणी उत्तर दिलं नाही, पण एकाचा खासगी मेसेज आला. आणि तो जे बोलला ते सगळं बरोबर होतं, हे लक्षात घ्या. सोप्रानो साधारण २१ इंचांचं, फ्रेट (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकमेकांना खेटून, मोठ्या बोटांना अडचण. कॉन्सर्ट २३, टेनर २६. बॅरिटोन नको, कारण त्याच्या तारा डी-जी-बी-ई या सुरांना लागतात आणि शिकवणीचे बहुतेक व्हिडिओ जी-सी-ई-ए धरून असतात. तारा नायलॉनच्या किंवा तसल्याच, स्टीलच्या चुकूनही चढवायच्या नाहीत, त्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा बांधायची लाकडी पट्टी, उपटून येतो. एवढंच काय, "ताई, नवशिक्याला लॅमिनेट चालतं, उलट दमट-कोरड्या हवेत तेच टिकतं" हेही त्यानेच सांगितलं. लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवून केलेलं, प्लायवूडसारखं. जो माणूस आपणहून स्वस्तातलं घ्या म्हणतो त्याच्यावर संशय कुणाला येईल? मी नंतर हे सगळं पडताळून पाहिलं, एक अक्षर खोटं निघालं नाही. म्हणून म्हणते, समोरच्याला वाद्याची माहिती आहे म्हणजे तो सरळ आहे असं मुळीच नाही.

मग हळूच मित्राचं प्रकरण निघालं. मित्र परदेशी चाललाय, त्याचं कॉन्सर्ट साइजचं सॉलिड कोआ, म्हणजे थर न चिकटवता अख्ख्या कोआ लाकडाचं, विकायचंय, ७,८५०. आता सगळे मला ऐकवतात की कोआ फक्त हवाईत उगवतं, त्याचं सॉलिड लाकूड या भावात मिळेलच कसं. अहो, जुनं होतं ते! मागच्या बाजूला ओरखडा होता आणि तो त्याने न विचारता दाखवला होता. जुन्या वस्तूचा भाव ठरलेला असतो का कुठे?

शिवाय मी तपासलं नाही असंही नाही, आणि हेच मला रात्री झोपू देत नाही. सॉलिड लाकूड ओळखायची साधी खूण असते. मधल्या साउंड होलच्या कडेला पाहायचं. वरच्या रेषा कडेवरून तशाच आत उतरलेल्या दिसल्या तर सॉलिड, आणि कडेला पापुद्रे दिसले तर प्लायवूड. मी त्याच्याकडे त्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागितला. पंधरा-वीस मिनिटांत आला. रेषा अगदी सुरेख उतरलेल्या, सॉलिडच होतं ते. फक्त त्याने आधी पाठवलेल्या फोटोत भोकाभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं नक्षीचं कडं होतं आणि या फोटोत कडंच नव्हतं. मला दिसलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोठे करून पाहिले मी. विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "ताई, फ्लॅश पडल्यामुळे उडालंय ते." फ्लॅशने कडं उडतं आणि लाकडाच्या केसाएवढ्या रेषा तेवढ्या राहतात! पण तेव्हा "दुसरं गिऱ्हाईक सातला फोन करणार आहे" असं त्याने टाकलं होतं, सात वाजायला आले होते, आणि मी ६,८५० पाठवले.

तुम्ही फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल मागा. त्याला म्हणा, भोकाची कड दाखव, मग कॅमेरा बंद न करता बारावा फ्रेट दाखव, मग तिथे तार दाबून वाजव. जो टाळाटाळ करेल त्याला तिथेच सोडा.

पार्सल आलं त्यात हार्ड केस नव्हतीच, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं २१ इंची खेळणं होतं. एकूण फ्रेट बारा. ठिपके रंगाने काढलेले. भोकापाशी नख लावलं तर कोआचं 'लाकूड' कागदासारखं सुटून वर आलं. छापलेली फिल्म होती ती, खाली पांढुरकं प्लायवूड, आणि कडेला गोंदाचा पिवळा थेंब वाळलेला. खुंट्या नुसत्या घर्षणावर बसवलेल्या, सोडली की तार उतरते.

त्याला फोन केला. काय म्हणाला असेल? "नवीन तारा आहेत ताई, थोड्या दिवसांत ताणल्या की बसतील." हेही खरंच आहे! नवीन तारा पहिले काही दिवस उतरतातच. पण मी ट्यूनर लावून पाहिलं होतं. मोकळी तार 'ए' दाखवत होती, आणि तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबली की काटा 'ए' सोडून जवळजवळ अर्धा सूर वर. तिथे बरोबर वरच्या सप्तकातला 'ए'च यायला हवा. तारा कितीही ताणा, चुकीच्या जागी ठोकलेले फ्रेट सरकत नाहीत. हे ऐकवल्यावर सूर बदलला. "पाठवणाऱ्याकडून पार्सलांची अदलाबदल झाली, पिकअपचे ६५० भरा, सगळे एकदम परत करतो." ९,३४९ अडकलेले असताना ६५०साठी घासाघीस कोण करतं? भरले. त्यानंतर फोन लागला नाही.

आता पुढचं ऐका. बँकेत म्हणाले, व्यवहार तुम्हीच केलाय, त्यामुळे तो अनधिकृत धरता येत नाही. बरं. पोलीस ठाण्यात गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, युकु... काय? लहान गिटार लिहू का?" मी म्हटलं, गिटार नाही. मग "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कशी?" मी म्हटलं, पूर्वी ४२० म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, खोटं सांगून माल गळ्यात मारला की ती फसवणूकच. साहेबांना कलम सांगितलेलं आवडलं नाही. "हा ग्राहकाचा विषय आहे, तिकडे जा." ग्राहक आयोगाचं पाहिलं तर एवढ्या रकमेला फी नाही, वकीलही लागत नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता तर द्यावाच लागतो. तो पत्ता शोधणार कोण? पोलीस. पोलीस म्हणतात, पत्ता आणा मग बघू. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, तो मीच नकाशावर शोधला, तिथे मोकळं मैदान. ही माहिती अर्जाला जोडली, कुणी पान उलटलं असेल असं वाटत नाही. खातं कुणाच्या नावावर आहे हे बँकेला माहीत, नंबर कुणाचा आहे हे मोबाइल कंपनीला माहीत, आणि विचारायचा अधिकार ज्यांना आहे ते मला म्हणतात, "दहा हजारांचाच विषय आहे ना? लाखांच्या केसेस पडल्यात आमच्याकडे." पडल्या असतील. माझे दहा हजार त्यांनी भरून द्यावेत मग.

शेवटी अर्ज निकाली काढला. शेरा असा की 'अर्जदारास वस्तू प्राप्त झाली आहे'. प्राप्त झाली आहे!

म्हणून पार्सल उघडताना पहिल्या कापापासून व्हिडिओ चालू ठेवा, लेबलासकट. माझ्याकडे फोटो होते, तर "हे नंतर बदललं नाही कशावरून" असंही मलाच ऐकावं लागलं. पैसे गेल्याचं कळलं की बसल्या जागी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, विक्रेत्याशी हुज्जत घालत दिवस काढू नका, कारण खात्यात रक्कम शिल्लक असेल तरच ती गोठवता येते. बुकिंगच्या नावाखाली १,००० मागितले की तिथेच थांबा. पहिल्यांदाच घेत असाल तर सॉलिडच्या फंदात पडूच नका, बरं लॅमिनेट कॉन्सर्ट, गिअरच्या खुंट्या, हातात घेऊन, बाराव्या फ्रेटवर सूर तपासून घ्या.

आणि पोलिसांकडे अर्ज दिलात तर पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. मी मागितली तेव्हा "शिक्का कपाटात आहे, उद्या या" म्हणाले. मी बाकड्यावर बसून राहिले, मग कपाट उघडलं.