"जुन्या गिझरवर सरकारनं बंदी आणली" म्हणत कोणी दारात आलं तर आधी हे वाचा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. आधी घरी बंबच होता, पऱ्हाट्या टाकून पाणी तापवायचो, मग मायचे गुडघे धरले तेव्हा 25 लिटरचा गिझर घेतला. या हिवाळ्यात तो पाणी कोमटच द्यायला लागला, दाखवू दाखवू म्हणत राहून गेलं कारण कापूस वेचणीवर होता.

डिसेंबरात मी कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर होतो आणि घरी एक माणूस आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, मीटरचा फोटो काढला, गिझरचा काढला आणि मायला म्हणाला, काकू, सरकारचा नियम आला, विनास्टारचा गिझर आता घरात ठेवता येत नाही, जानेवारीत तपासणी आहे, सापडला तर मीटर काढून नेतील आणि दंड वेगळा. माय घाबरली. मला फोन लावून दिला तर तो मला म्हणतो भाऊ, ऊर्जा दक्षता ब्युरोचा नियम आहे, तुम्हीच गूगल करून पाहा. मी तिथंच लाईनीत उभं राहून पाहिलं, खरंच असा ब्युरो आहे, केंद्र सरकारचा, 2002 पासूनचा, आणि साठवणुकीच्या गिझरवर स्टार लेबल सक्तीचं आहे हेही खरं. एवढं खरं निघालं म्हणून बाकीचंही खरं धरलं, तिथंच फसलो. जुना 1200 ला जमा आणि वरून 6000 देऊन 15 लिटरचा "फाईव्ह स्टार" गिझर त्यानं दुपारीच बसवून दिला. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला, जीएसटीचं बिल नाही, वॉरंटी कार्ड नंतर आणतो म्हणाला.

चौथ्या-पाचव्या दिवशी माय म्हणाली, "नळाले हात लावला का मुंग्या येतात रे बाप्पा." मी पहिल्यांदा ओलाव्यामुळं असेल म्हटलं, आज त्याचाच जास्त पस्तावा होतो. मग सकाळी गिझरवर बाहेरून हात ठेवला तर डबा चांगला गरम, जुना कधीच असा लागत नव्हता. तसाच मेन बंद केला आणि दारव्ह्याहून ओळखीचा वायरमन बोलावला. त्यानं वरचा पत्रा खोलला. आत टाकी आणि पत्रा यांच्यामध्ये जो घट्ट फोम भरलेला असतो तो नव्हताच, थर्माकोलचे चार तुकडे चिकटपट्टीनं लावलेले, अर्थिंगची हिरवी वायर कुठंच जोडलेली नाही, नुसती कापून आत खुपसलेली. स्टारच्या स्टिकरचा कोपरा वाफेनं उचकटला होता तो नखानं ओढला तर खाली दुसऱ्याच नावाचं जुनं स्टिकर.

वायरमन भाऊनं मग जे समजावलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते, म्हणून लिहितो. स्टारचा नियम नवीन गिझर बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. तुमच्या घरात आधीपासून बसलेला गिझर त्यात येत नाही, तो मोडेपर्यंत वापरा, त्यासाठी कोणी मीटर नेत नाही. दुसरं, गिझरचा स्टार पाणी किती लवकर तापतं ते सांगत नाही. गरम पाणी टाकीत तसंच राहिलं तर चोवीस तासात किती युनिट वाया जातात त्यावर स्टार ठरतात, म्हणजे सगळा खेळ त्या फोमचा. 15 लिटर पाणी 20 डिग्रीवरून 60 वर न्यायला पाऊण युनिटच्या आसपास लागतंच, स्टार एक असो की पाच. आमच्यासारखं अर्धा तास चालू करून आंघोळी आटोपल्या की बंद करणाऱ्याला "बिल अर्धं होईल" हे कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. दिवसभर चालू ठेवणाऱ्याला मात्र चांगल्या स्टारचा खरंच फायदा होतो, नियम वाईट नाही, नियमाच्या नावानं लुटणारे वाईट.

खऱ्या लेबलवर कंपनी, मॉडेल, लिटर, रोज वाया जाणारे युनिट आणि साल असतं. आमच्याच्यावर मॉडेलची जागा कोरी होती. बीईई (म्हणजे तोच ऊर्जा दक्षता ब्युरो) स्टार लेबल नावाचं ॲप आहे त्यात मॉडेल टाकून बघता येतं, आणि आयएसआय मार्कखालचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीच्या परवान्याचा नंबर, बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. विकत घ्यायच्या आधी करा, मी नंतर केलं.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते जुन्याचं. बोअरच्या पाण्याचा क्षार कॉईलवर जाड बसला असेल, म्हणून कोमट यायचं, कॉईल साफ केली असती किंवा बदलली असती तर काही शेकड्यात काम झालं असतं. चांगला गिझर आम्ही आमच्या हातानं उचलून दिला.

त्याचा फोन बंद आहे. 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिला, पैसे अजून आले नाहीत. परवा साळ्याच्या गावाहून फोन आला, तसाच फाईलवाला तिकडं फिरतोय, आता म्हणतो जुने सिलिंग फॅन बंद झाले. पंख्यांना 1 जानेवारी 2023 पासून स्टार लेबल सक्तीचं झालं हे खरं आहे, पण तेही नवीन पंख्यांचंच, तुमच्या छताला फिरतो त्याचं नाही. तिकडं कोणाचे नातेवाईक असतील तर आजच फोन करून सांगा, आणि घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर त्यांना आधी.