तिरंगी वर्तुळांचा लिबरेटर: १/७२ किटसोबतचे सोळा महिने

डबा गेल्या वर्षी फेब्रुवारीत उघडला, शेवटची अँटेनाची तार दिवाळीनंतरच्या रविवारी लागली आणि आता जून उजाडलाय. नऊ महिने बांधणी आणि रंगकाम, सात महिने कपाटात. इतका सहवास झाल्यावर बी-२४ ‘जे’ लिबरेटर या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बाँबफेकी विमानाच्या या १/७२ किटबद्दल, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या, स्वतः जोडायच्या प्लास्टिकच्या मॉडेलबद्दल, लिहायला बसले आहे. डबा उघडल्या उघडल्या लिहिलेले अभिप्राय पुष्कळ मिळतात. त्यात कुठे वेळ जातो, काय खरवडून पुन्हा करावं लागतं आणि पुण्याच्या उन्हापावसात मॉडेलचं काय होतं, हे सापडत नाही. म्हणून हे लिहिते.

आधी हेच विमान का, ते सांगते. मी केलेल्या विमानाचा भारतीय हवाई दलातला क्रमांक एचई ७७१. ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासमधल्या फोर्टवर्थच्या कारखान्यात ते तयार झालं आणि केएच १९१ या क्रमांकाने ब्रिटिश हवाई दलाकडे गेलं. युद्ध संपलं तेव्हा लेंड-लीज कराराप्रमाणे (अमेरिकेने मित्रराष्ट्रांना युद्धसाहित्य वापरायला देण्याचा करार) ही विमानं अमेरिकेला परत तरी करायची होती, नाहीतर निकामी तरी करायची होती. कानपूरच्या चकेरी तळावर ती निकामी करून टाकून दिली गेली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या लोकांनी त्याच ढिगातून एकाचा भाग दुसऱ्याला लावत ४० हून अधिक लिबरेटर उभे केले. कानपुरात उडण्यापुरते नीट करून ते बंगळुरूला नेले आणि तिथे त्यांची पुरती दुरुस्ती केली. २ नोव्हेंबर १९४८ ला कानपुरात भारतीय हवाई दलाची ५ नंबरची स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. पुढे ६ नंबरची स्क्वाड्रन आमच्या पुण्यातल्या लोहगाव तळावरून समुद्रावरच्या टेहळणीसाठी लिबरेटर उडवायची. १९६८ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. एचई ७७१ आधी इंग्लंडला आणि तिथून अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशन या जुनी विमानं जपणाऱ्या संस्थेकडे गेलं, १९८९ मध्ये पुन्हा हवेत उडालं, आणि आज ‘विचक्राफ्ट’ या नावाने अमेरिकी रंगांत जगभर ओळखलं जातं. त्याचे फोटो काढणाऱ्यांना त्याची भारतातली वीस वर्षं एका ओळीत संपलेली चालतात. मला तीच वीस वर्षं कपाटात हवी होती.

किटमध्ये भारतीय हवाई दलाच्या खुणा, म्हणजे तिरंगी वर्तुळं आणि क्रमांक, नाहीत. हा दोष नव्हे, पण घेण्याआधी ठाऊक असावं.

प्लास्टिक चांगलं आहे. पत्र्याच्या जोडरेषा कोरीव आणि बारीक आहेत, उठावदार नाहीत, त्यामुळे सांधे घासताना त्या पुसल्या गेल्या तरी सुईच्या टोकाने पुन्हा कोरता येतात. पंखांचा विस्तार जवळजवळ साडेसेहेचाळीस सेंटीमीटर भरतो. कपाटाची खोली आधी मोजा. मी मोजली नव्हती आणि शेवटी एक फळी काढावी लागली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाकातलं वजन. लिबरेटरला पुढे नाकाखाली चाक असतं, शेपटीखाली नसतं. मॉडेलचं नाक हलकं राहिलं की ते मागच्या मागे शेपटीवर बसतं. आणि नेमकं नाकच सगळं काचेचं, शिसं दडवायला तिथे जागा नाही. मी मासेमारीच्या दुकानातून शिशाच्या बारीक गोळ्या आणल्या. काही वैमानिकांच्या फळीखाली, काही पुढच्या भिंतीमागे आणि उरलेल्या चारही इंजिनांच्या मागे बसवल्या. इंजिनं मुख्य चाकांच्या पुढे असल्याने तिथलं वजनही उपयोगी पडतं. एकूण ५५ ग्रॅमच्या आसपास गेलं. फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी सगळं टेपने बांधून, चाकांच्या जागी पेन्सिल आडवी ठेवून तोल पाहा. मी तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदाही आठ ग्रॅम वाढवावे लागले.

बाँबकप्प्यासाठी एक संध्याकाळ धरली होती, तीन आठवडे गेले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. खऱ्या लिबरेटरची बाँबकप्प्याची दारं खाली उघडत नाहीत. दुकानाच्या शटरसारखी बाजूंनी वर सरकतात. आत मधोमध एक अरुंद पट्टी, जेमतेम वीतभर रुंदीची. पुढून मागे जायचं तर माणसांनी त्या पट्टीवरून जायचं, दोन्ही बाजूंना बाँब आणि दारं उघडी असली तर खाली नुसती हवा. किटमध्ये ती पट्टी दिलेली आहे, पण जाड आहे. मी ती घासून पातळ केली आणि कप्पा उघडा ठेवला. आता बॅटरी धरून खालून पाहिलं की ती पट्टी दिसते, आणि पाहणारा प्रत्येक जण विचारतो, यावरून चालायचे?

पोटाखालच्या गोल टरेटबद्दल, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटीबद्दल, एक सूचना. मॉडेल चाकांवर उभं ठेवणार असाल तर टरेट आत ओढलेलाच लावा. खऱ्या विमानातही उतरण्याआधी तो आत घ्यावाच लागे, कारण पोट जमिनीच्या फार जवळ असतं. किटच्या सूचनापत्रात दोन्ही पर्याय शेजारीशेजारी दिलेत आणि फरक सांगितलेला नाही.

इंजिनांची आवरणं गोल नाहीत, लंबगोल आहेत. दोन्ही कडांना टर्बोसाठी (इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र) आणि तेल थंड करण्यासाठी हवा घेणाऱ्या खाचा आहेत, त्यामुळे समोरून पाहिलं तर लिबरेटरचा चेहरा दुसऱ्या कुठल्याही बाँबफेकी विमानासारखा दिसत नाही. चार आवरणं, प्रत्येकाच्या आत चौदा सिलिंडरांचं इंजिन. या चारांवर मी जितका वेळ घालवला, तितका दोन्ही पंखांवर मिळून घालवला नाही.

किटची खरी दुखरी जागा म्हणजे पंख आणि फ्यूजलाजचा सांधा, आणि त्याहून जास्त नाकाचा वेगळा तुकडा. एकाच साच्यातून वेगवेगळ्या आवृत्त्या काढता याव्यात म्हणून नाक सुटं दिलंय, आणि ते अर्ध्या मिलिमीटरने रुंद बसतं. पुट्टी भरून ४०० पासून २००० पर्यंतचे पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासले. हिरव्या-तपकिरी रंगाच्या विमानावर एवढं घासायची गरज पडत नाही. माझं विमान उघड्या अल्युमिनियमच्या रंगाचं असल्याने प्रत्येक ओरखडा आरशात दिसावा तसा दिसतो. पुट्टी कुठे संपते आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं हे बोटाला कळेनासं झालं, तरी डोळ्याला कळतं. डोळे मिटून बोट फिरवायचं आणि नंतर तिरक्या उजेडात पाहायचं, दोन्ही करावं लागतं.

काचेचे भाग पुष्कळ आहेत: नाक, टरेट, वैमानिकांची खोली, कमरेच्या खिडक्या. ते झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूने लावू नका. त्याच्या वाफेने काच आतून पांढुरकी होते. मी साधा पांढरा फेव्हिकॉल वापरला. वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसता येतो. खिडक्यांच्या चौकटी झाकायला तामियाची पिवळी मास्किंग टेप घेतली. टेपची एकेक पट्टी नव्या ब्लेडने कापण्यात चार रात्री गेल्या. सोळा महिन्यांनंतरही काच स्वच्छ आहे.

आता रंगाची गोष्ट, कारण माझा सगळा धडा तिथेच आहे. धातूच्या रंगाखाली चकचकीत काळा थर लागतो; तो जितका गुळगुळीत, तितका धातू खरा दिसतो. काळा थर जूनच्या पहिल्या आठवड्यात दिला, उत्तम बसला. मग पाऊस सुरू झाला. जुलैच्या एका शनिवारी मी लॅकरचा अल्युमिनियम रंग मारायला घेतला. पाच मिनिटांत उजव्या पंखावर दुधी धुकं उतरलं. हवेतला ओलावा वाळत्या लॅकरमध्ये अडकला की असंच होतं. त्यातच रंग फवारणाऱ्या एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या माझ्या जुन्या कॉम्प्रेसरला हवेची टाकी नव्हती; तो गरम झाला, नळीत पाणी साचलं आणि एअरब्रशने रंगाबरोबर पाण्याचे थेंब टाकले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पावसाळ्यात टाकीशिवायचा कॉम्प्रेसर वापरायचा निर्णय माझाच होता. पूर्ण पंख खरवडला. त्या रात्री मी मॉडेल डब्यात घालून माळ्यावर ठेवलं.

ते ऑक्टोबरमध्ये खाली उतरलं. नवा कॉम्प्रेसर तीन लिटरच्या टाकीचा आणि पाणी पकडणाऱ्या फिल्टरचा आहे. एअरब्रशचं नोझल ०.३ मिलिमीटरचं, दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवला. लॅकर सोडून पाण्यात मिसळणारा वालेहोचा मेटल कलर घेतला. पातळ थर, प्रत्येकानंतर वीस मिनिटांची उसंत. लॅकरइतकी चमक येत नाही, पण घरात वास राहत नाही आणि ओल्या हवेला तो बराच सोसतो. पुण्यात, मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी धातूचं रंगकाम दसऱ्यानंतरच काढावं, हे मी आग्रहाने सांगते.

सगळं विमान एकाच चंदेरी छटेचं केलं नाही. एचई ७७१ दुरुस्त होऊन उभं राहिलेलं विमान. म्हणून काही पत्रे झाकून मंद अल्युमिनियम, काही जरा गडद स्टीलसारखे ठेवले. जवळून पाहिलं तरच कळतं.

खुणा मी डिकलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांनी) न करता रंगवल्या. वर्तुळं कापायच्या कंपासने टेपचे तीन मापांचे मास्क कापले: पंखांच्या वर-खाली चार, फ्यूजलाजवर दोन. आधी पांढरा गोल दिला. अल्युमिनियमवर थेट केशरी मारला तर तो मळकट दिसतो. मग पांढरं कडं झाकून बाहेर केशरी आणि मधे हिरवा. केशरी बाटलीतला मिळाला तसा चालला नाही; नारिंगीत पिवळ्याचे थेंब घालत, पडद्यावर जुने फोटो उघडे ठेवून सात वेळा जुळवला. पाचवं वर्तुळ तिरकं आलं म्हणून पुसून परत केलं. क्रमांकाची अक्षरं मात्र सुट्या अक्षरांच्या डिकल शीटमधून घेतली.

दिवाळीत मामा फराळाला आले होते. ते साठच्या दशकात लोहगाव तळाजवळच्या विश्रांतवाडीत लहानाचे मोठे झाले. मॉडेल तेव्हा अर्धवटच होतं, इंजिनांचे पंखे लागलेले नव्हते. ते बराच वेळ मागून पाहत राहिले, मग शेपटीच्या दोन उभ्या लंबगोल पंखांवर बोट ठेवून म्हणाले, “अगं, हेच. हे मागचे दोन. आम्ही गच्चीवरून याच्यावरूनच ओळखायचो. आवाज आधी यायचा, मग हे दिसायचं.” त्या रात्री मी पंखे चढवले.

कपाटातल्या सात महिन्यांचा हिशेब असा. धातूचा रंग टिकलाय, मात्र जिथे बोटं लागली तिथे डाग पडतात. आता कापडी हातमोजे घालूनच उचलते. वर्तुळांच्या कडा उचललेल्या नाहीत. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढते, फुंकर मारत नाही. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मुख्य चाकांचे पाय किंचित फाकले. ५५ ग्रॅम शिशाचा भार पातळ प्लास्टिकच्या पायांवर आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला, म्हणून. आता पोटाखाली लाकडाचा छोटा ठोकळा आहे आणि कपाट दुसऱ्या भिंतीला गेलंय. पुन्हा केलं तर धातूचे पाय वेगळे विकत मिळतात, ते घेईन.

पहिलंच मॉडेल म्हणून हे घेऊ नका. एक-दोन लहान लढाऊ विमानं करून हात बसला असेल आणि पुट्टी-घासकामाचा कंटाळा नसेल तर जरूर घ्या. किटपेक्षा कॉम्प्रेसर, रंग आणि टेपवर जास्त खर्च होईल, तो धरून चाला.

या उन्हाळ्यात आणखी एक झालं: पाठीवरून शेपटीकडे जाणारी अँटेनाची लवचीक तार सैल पडली. नवा धागा आणून ठेवलाय. येत्या रविवारी मामा येणार आहेत, तार ओढताना दुसऱ्या टोकाला धरायला.