बीप ऐकून ‘मदरबोर्ड उडालाय’ म्हणणाऱ्यांपासून जपा

पीसीचं बटण दाबलं, पंखे फिरले, पण डिस्प्ले येत नाही आणि कॅबिनेटमधून एक लांब, दोन छोटे, पुन्हा एक लांब, दोन छोटे असे बीप सुरू. हे ऐकून दुरुस्तीवाला लगेच ‘बोर्ड उडालाय’ म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: हा कोड कुठल्या बायोसच्या (पीसी सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमच्या) यादीत बघितलात?

आमच्याकडे असाच दुरुस्तीवाला आला तेव्हा घरी बाबा एकटेच होते. त्याने कॅबिनेटची बाजूची पत्रा-पट्टी काढली, आत टॉर्च मारला, बीप ऐकले आणि म्हणाला, “काका, असा आवाज आला की बोर्ड गेलाच समजा.” रॅम काढून बघणं नाही, स्लॉट बदलून बघणं नाही. कॅबिनेट उचलून घेऊन गेला. परत आणून दिलं तेव्हा पीसी व्यवस्थित चालत होता. बिलावर ‘मदरबोर्ड बदलला’ एवढंच होतं. मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. तोंडी सांगितलं की बोर्डाबरोबर एक रॅमही जळाली होती, ती काढून टाकली. पीसी चालतोय म्हटल्यावर बाबांनी पैसे दिले. कोणीही दिले असते.

मला खटकलं ते वेगळंच. आमचा पीसी सुरू होताना नेहमी एक छोटा बीप द्यायचा, म्हणजे तपासणी पार पडली, आता पुढे जातो. तो येईना. कॅबिनेट उघडलं तर बोर्डाच्या कडेला चार पिनांवर बसणारा छोटा काळा बझर गायब. तो का काढला असेल ते त्यालाच ठाऊक. आता उघडलंच आहे तर १६ ऐवजी किती जीबी उरली ते बघावं म्हणून बायोसमध्ये जायला गेले, आणि बायोसने पासवर्ड मागितला. मीच ठेवलेला, जुना. टाकला, चालला.

बायोस सेटअपचा पासवर्ड हार्ड डिस्कवर नसतो, तो बोर्डावरच साठवलेला असतो. नव्या कोऱ्या बोर्डाला माझा पासवर्ड माहीत असायचं काही कारण नाही. मग माळ्यावरून बोर्डाचं मूळ खोकं काढलं. खोक्यावरच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर आणि बोर्डावरचा नंबर अक्षर न् अक्षर एकच. राउटरच्या यादीतही लॅन पोर्टचा मॅक पत्ता, म्हणजे त्या पोर्टचा ओळख क्रमांक, पूर्वीचाच. बोर्ड कधी बदललाच नव्हता.

मग बिघाड काय होता? बोर्ड असूस कंपनीचा, मॅन्युअल ड्रॉवरमध्ये. त्यात ‘एक लांब, दोन छोटे’ याच्यासमोर ‘मेमरी (म्हणजे रॅम) सापडत नाही’ असं स्वच्छ छापलंय. त्याने बहुधा रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, दुसरी नीट बसवली आणि पीसी सुरू झाला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले बोर्डाचे.

ही फसवणूक चालते कारण बीप म्हणजे काहीतरी भयंकर झालंय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात, पीसी सुरू झाल्यावर स्क्रीनवर काही दिसायच्या आधीच बायोस प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स यांची हजेरी घेतो. या तपासणीला पोस्ट म्हणतात. मेमरी किंवा ग्राफिक्सच हजर नसेल तर स्क्रीनवर संदेश दाखवायचा कसा, म्हणून आवाज. म्हणजे बीप वाजतोय याचा अर्थ वीज पोचतेय, बायोसची चिप वाचली जातेय आणि प्रोसेसर निदान तेवढं काम करतोय. पार मेलेला बोर्ड बहुतेकदा अवाक्षर काढत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. बीप आला म्हणजे बोर्ड ठणठणीतच, असंही नाही. बायोस बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, याद्याही वेगळ्या. एएमआय कंपनीच्या बायोसच्या जुन्या यादीत १ ते ३ छोटे बीप मेमरीचे, ८ डिस्प्ले मेमरीचे. पण ४ टायमरचा आणि ६ कीबोर्ड कंट्रोलरचा, आणि या दोन्ही गोष्टी बोर्डावरच्याच. अवॉर्डच्या यादीत ‘एक लांब, दोन छोटे’ म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. तोच ताल माझ्या बोर्डावर मेमरीचा. फिनिक्सचे बीप १-३-१-१ असे गटागटाने मोजायचे असतात. डेलच्या बऱ्याच मशीनवर २ बीप म्हणजे रॅम सापडली नाही. ॲपलच्या बऱ्याच जुन्या मॅकवर दर ५ सेकंदांनी एकच सूर आला तर रॅम नाही, आणि तीन सूर, मग विराम, असं आलं तर रॅम आहे पण तपासणीत नापास. त्यामुळे ‘असा आवाज म्हणजे बोर्ड’ हे वाक्यच खोटं. बोर्ड कोणाचा हे न बघता बीपचा अर्थ सांगणारा माणूस एकतर शिकाऊ आहे किंवा तुम्हाला गिऱ्हाईक करतोय.

मी फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, “पासवर्ड सॉफ्टवेअरमधून आला असेल.” सिरियल नंबरचे दोन फोटो पाठवल्यावर आवाज खाली आला. मी ‘जळालेली’ रॅम मागितली. ती कागदात गुंडाळून पाठवली, आणि इथे तर त्याने कमालच केली. माझ्या रॅम डीडीआर४, त्याने पाठवलेली डीडीआर३, म्हणजे आधीच्या पिढीची. दोन्हींच्या मधली खाच वेगळ्या जागी असते, पिनांची संख्याही वेगळी, २८८ आणि २४०. ती पट्टी माझ्या स्लॉटमध्ये बसूच शकत नाही. कुणाच्या तरी भंगारातली उचलून दिलेली. माझी ८ जीबीची पट्टी खरंच गेलेली असेलही, पण मग दाखवायला काय हरकत होती?

तुमच्यावर अशी वेळ आली तर बीपचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, सलग दोन-तीन फेऱ्या ऐकू येतील असा. मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डावर छापलेल्या मॉडेल नंबरावरून ते कंपनीच्या साइटवर मिळतं. कोड मेमरीचा निघाला तर मेन स्विच बंद करून केबल काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग रॅम काढा. सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसा, रबराचा भुगा झटका, क्लिप लागल्याचा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. रॅमचे बीप निम्म्याहून जास्त वेळा यावरच थांबतात, हे माझं मत. बझर नसलेल्या नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे छोटे दिवे असतात. कुठला अडकलाय त्याचा फोटो काढा.

मशीन बाहेर द्यावंच लागलं तर बोर्डाचा आणि प्रत्येक रॅमचा स्टिकर फोटोत घ्या आणि तेच नंबर त्याच्या पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. जुना भाग परत हवा, हेही त्याच पावतीवर. यावर जो चिडतो त्याच्याकडे मशीन ठेवू नका.

बोर्डाचे पैसे त्याने कुरकुरत परत केले. रॅमबद्दल ‘स्क्रॅपमध्ये गेली’ यापलीकडे उत्तर नाही. ती डीडीआर३ पट्टी, बिल आणि फोटो जोडून ग्राहक तक्रार दिली आहे. बझर नवा आणून लावलाय.