पुण्यातल्या कॅम्पातला, वेस्टर्न क्लासिकलच्या रोमँटिक काळाचा आठ रविवारांचा क्लास, बाबांसोबत केला, सविस्तर लिहितेय

गेल्या महिन्यात संपला हा क्लास. तेव्हापासून तीन-चार जणांनी विचारलं की कसा आहे, जावं का, हिंदुस्तानी ऐकणाऱ्या माणसाला काही कळतं का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. शिकवणाऱ्या बाईंना आपलं नाव नेटवर नको आहे त्यामुळे नाव-पत्ता देत नाहीये, कॅम्पात जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर घेतात, पियानो शिकणाऱ्या कुणालाही विचारलंत तर सांगतील. आठ रविवार, सकाळी साडेदहा ते एक, फी चार हजार, आमच्या बॅचला चौदा जण होतो. विषय एकच, युरोपातलं साधारण १८०० ते १९०० चं संगीत, बीथोवनपासून वाग्नर-ब्राम्सपर्यंत, आणि त्या शंभर वर्षांत संगीत का बदललं ते.

मी बाबांना घेऊन गेले. बाबा एकाहत्तर वर्षांचे, पेटी वाजवतात, सवाई गंधर्वला किती वर्षं जातायत ते त्यांनाही आठवत नसेल. वेस्टर्न क्लासिकल त्यांनी कधी बसून ऐकलेलं नव्हतं, आणि मीही मोबाईलवर तुकडे तुकडेच ऐकलेले, अमुक सिंफनीची सुरुवात, तमुक वाल्ट्झ, एवढंच. पहिल्या रविवारी बाईंनी बीथोवनची तिसरी सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची मोठी रचना) लावली, 'इरॉइका', व्हिएन्नामध्ये १८०५ साली पहिल्यांदा जाहीर वाजली ती, आणि पहिला भाग संपल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, सम कुठाय यात?" मला जरा धाकधूक झाली, पण बाई इतक्या खूश झाल्या त्या प्रश्नानं! म्हणाल्या, "काका, सम आहे, पण यानं ती जागची हलवून दाखवलीय." मग पियानोवर बसल्या, आम्हाला एक-दोन-तीन, एक-दोन-तीन अशी टाळी धरायला लावली, आणि मधला तो भाग वाजवला जिथं ठेका तीनचाच चालू असतो पण जोराचे आघात दोन-दोनवर पडत जातात. चौदातल्या दहा जणांची टाळी सुटली. बाबांची नाही सुटली. "ही तर लयकारी आहे हो," म्हणाले, आणि तिथून पुढचे सातही रविवार ते माझ्या आधी तयार होऊन जिन्यात उभे असायचे.

मला या क्लासचं सगळ्यात जास्त काय पटलं तर बाई 'भावना, निसर्ग, प्रेम, व्यक्तिवाद' ही नेहमीची माळ ओढत बसत नाहीत. त्या दोन प्रश्न धरून चालतात, पैसे कोण देत होतं आणि वाद्य कसलं होतं. बीथोवनच्या आधीच्या पिढीतला हायडन एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी नोकरीला होता, अंगावर दरबारी नोकराचा पोशाख घालायचा, वरून हुकूम आला की त्याप्रमाणे संगीत लिहायचा. बीथोवनला सरदार लोक पैसे देत होतेच, १८०९ मध्ये तिघांनी मिळून त्याला वर्षासन बांधून दिलं, पण ते नोकर म्हणून नाही, त्यानं व्हिएन्ना सोडू नये म्हणून. आणि शूबर्टला तर दरबार मिळालाच नाही, मित्रांच्या बैठकींमध्ये आणि प्रकाशकांच्या भरवशावर जगला आणि १८२८ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेला, सहाशेच्या वर गाणी लिहून. राजाश्रय सुटून तिकीट लावलेली मैफल आणि छापील नोटेशन विकणं हे सुरू झाल्यावर कलाकाराचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला लागतच नाही, आपल्याकडे संस्थानांच्या गवयांचं तेच झालं, फक्त नंतर झालं.

वाद्याचा रविवार हा दुसरा, आणि माझ्या मते फीचे निम्मे पैसे तिथंच वसूल होतात. बाईंकडे जुना अपराइट, म्हणजे उभ्या कपाटासारखा, पियानो आहे, त्याचं पुढचं फळकूट त्या काढून ठेवतात आणि आत काय चाललंय ते जवळ जाऊन बघायला लावतात. मोझार्टच्या पियानोला पाचच सप्तकं होती, आतली चौकट लाकडी, हातोड्यांवर चामडं, आवाज नाजूक आणि लगेच विरणारा. मग १८२१ मध्ये एरार्डनं पॅरिसमध्ये अशी यंत्रणा काढली की पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर परत वाजवता येतो, १८२५ मध्ये अमेरिकेत बॅबकॉकनं अख्ख्या लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं, हातोड्यांवर चामड्याच्या जागी फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, आलं. लोखंड आल्यावर तारा जाड आणि जास्त ताणून बसवता येतात, आजच्या मैफलीतल्या मोठ्या ग्रँड पियानोमध्ये सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या आसपास जातो. बाईंनी एकच सूर भराभर वाजवून दाखवला, एका वेगानंतर पट्टी साथच देईना, तेव्हा म्हणाल्या की एरार्डची ती सोय ग्रँडमध्ये असते, माझ्या या अपराइटमध्ये नाही, म्हणून फ्रान्झ लिस्टचं जे तुम्ही रेकॉर्डिंगवर ऐकता ते मला इथं वाजवता येत नाही. हे त्या सरळ सांगतात याचं मला फार कौतुक वाटलं. लिस्ट पियानो स्टेजवर आडवा ठेवायचा, म्हणजे वाजवणारा बाजूनं दिसतो आणि उघडलेलं झाकण आवाज लोकांकडे फेकतं, एकट्यानं अख्खा कार्यक्रम करायचा हेही त्यानंच रूढ केलं. दरबारातल्या वीस माणसांसाठी वाजवणाऱ्याला याची गरज नव्हती, हजार तिकीटवाल्यांसाठी वाजवणाऱ्याला होती.

याच रविवारी बाबांना एक गोष्ट कळली आणि ती ते आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, तिचं मूळही याच काळातलं, १८४० च्या सुमाराला पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिरानं हे वाद्य केलं, आणि त्याच वेळी त्याच शहरात शोपां पियानोच्या शिकवण्या घेत होता. संगीत नाटकांत जो पायानं चालवायचा ऑर्गन वाजायचा तोही याच घराण्यातला. बाबा चाळीस वर्षं वाजवतायत ती वस्तू या आठ रविवारांच्या आतलीच निघाली.

तिसरा रविवार शूबर्टचा. चोवीस गाण्यांची माला 'विंटररायझं', म्हणजे हिवाळ्यातला प्रवास, १८२७ ची, त्यातली आम्ही सहा ऐकली आणि शेवटचं दोनदा. त्या शेवटच्या गाण्यात गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा राहून एक म्हातारा ते हँडल फिरवून वाजवायचं वाद्य वाजवतोय, त्याची थाळी रिकामी, ऐकायला कुणी नाही. पियानोचा डावा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनच सूर धरून बसतो. बाबा डोळे मिटून होते, तिसऱ्याच मात्रेला हळूच म्हणाले, "षड्ज-पंचम." तानपुराच तो! आणि वरती गाणारा एकेक ओळ टाकून थांबतो, परत टाकतो, थांबतो. शूबर्ट मरणाच्या अंथरुणावर याच गाण्यांच्या दुसऱ्या भागाची प्रुफं तपासत होता, हे बाईंनी गाणं संपल्यावर सांगितलं, आधी नाही. तो क्रम बरोबर होता. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

बर्लियोझच्या रविवारी वातावरण एकदम वेगळं. १८३० सालची 'सिंफनी फँतास्तीक', लिहिणारा सव्वीस वर्षांचा, एका नटीला शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधल्या ऑफेलियाच्या भूमिकेत बघून वेडा झालेला, आणि त्यानं काय केलं तर तिची म्हणून एक धून घेतली आणि पाचही भागांमध्ये ती वेगवेगळ्या वेषात फिरवली. नाचाच्या दिवाणखान्यात ती येते, शेतात येते, चौथ्या भागात नायकाला गिलोटिनवर नेतात तेव्हा क्लॅरिनेटवर ती जेमतेम सुरू होते आणि धाडकन सगळा ऑर्केस्ट्रा पडतो, पातं खाली. पाचव्या भागात चेटकिणींच्या मेळ्यात तीच धून चिरक्या छोट्या क्लॅरिनेटवर वेडावत येते. बाईंनी आधी नुसती धून आम्हाला गुणगुणून पाठ करायला लावली होती, त्यामुळे ती आली की प्रत्येक वेळी खोलीत कुणीतरी हसायचं किंवा दचकायचं. शब्द नाहीत, गायक नाही, तरी गोष्ट सांगायची, ही कल्पना तेव्हाच्या लोकांना केवढी नवीन होती ते असं ऐकूनच कळतं, वाचून नाही कळत.

मेंडेलसोनबद्दलचा एक मुद्दा मला अजिबात माहीत नव्हता. त्यानं १८२९ मध्ये, विशीतल्या पोरानं, बर्लिनमध्ये बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांवरची मोठी रचना, परत सादर केलं, रचलं गेल्याला शंभरेक वर्षं होऊन गेलेलं. त्याआधी लोक प्रामुख्यानं चालू काळाचं नवीनच संगीत ऐकायचे, गेलेल्या माणसांचं संगीत आवर्जून तिकीट काढून ऐकायची ही सवय याच शतकातली. म्हणूनच ब्राम्सला पहिली सिंफनी पूर्ण करायला वीसेक वर्षं लागली, १८७६ मध्ये आली ती, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा, कारण मानेवर बीथोवन बसलेला.

शोपांचा रविवार माझा सगळ्यात आवडता. १८३० मध्ये तो पोलंडमधून बाहेर पडला आणि परत कधी जाऊ शकला नाही, १८४९ मध्ये पॅरिसमध्ये गेला, शरीर तिथं पुरलं पण हृदय वॉर्सातल्या चर्चमध्ये आहे. जन्मभर गावाकडच्या नाचांच्या ठेक्यावरचे माझुर्का लिहीत राहिला. त्याच्या 'रुबातो'बद्दल शिष्यांनी लिहून ठेवलंय की डावा हात लय सोडत नाही, उजवा हात मोकळा. बाईंनी आधी नुसता डावा हात वाजवला, आम्ही टाळी धरली, मग उजवा हात वरून आला, थोडा रेंगाळला, मग घाईनं पुढे गेला, आणि टाळी आमची तशीच चालू. विलंबितात तबला ठेका देतो आणि गाणारा बोल घेऊन आगेमागे फिरतो ते ज्यानं ऐकलंय त्याला हे शिकवावंच लागत नाही. मी इतकी वर्षं शोपांला 'गोड पियानो' समजून बॅकग्राऊंडला लावत होते याचं वाईट वाटलं.

वाग्नरवर बाईंनी दोन्ही गोष्टी सांगितल्या, १८५० मध्ये टोपणनावानं ज्यूंविरुद्ध लिहिलेला तो विषारी लेखही आणि संगीतही. 'ट्रिस्टान' या १८६५ सालच्या ऑपेराची सुरुवात ऐकवली, तो पहिला प्रसिद्ध कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सुटतच नाही, प्रत्येक वेळी दुसऱ्याच अधांतरी जागी जाऊन थांबतो, आणि चारेक तासांच्या ऑपेराच्या अगदी शेवटी खरी सुटका होते. मग मधलं सगळं सोडून थेट तो शेवट लावला. बाबा म्हणाले, "चार तास सा लावलाच नाही की यानं." स्मेतानाची 'व्ल्टावा' पण सुंदर झाली, १८७४ मध्ये ऐकू येणं बंद झाल्यावर लिहिलेली, दोन झऱ्यांची नदी होते ती, बाजूच्या काकू म्हणाल्या संगमावर उभं राहून ऐकायला पाहिजे हे.

आता कमी काय ते. क्लारा शुमान आणि फॅनी मेंडेलसोन, त्या काळच्या दोन स्त्री संगीतकार, दोघींना मिळून वीस मिनिटं. हे मला खरंच लागलं. क्लारानं बापाविरुद्ध कोर्टात जाऊन लग्न केलं, आठ मुलं, नवरा वेड्यांच्या इस्पितळात गेला, आणि तरी दशकानुदशकं स्टेजवर वाजवून घर चालवलं, पण स्त्रीनं संगीत रचायची इच्छा धरू नये असं स्वतःच्याच डायरीत लिहून बसली. फॅनीची काही गाणी भावाच्या नावावर छापली गेली, व्हिक्टोरिया राणीला आवडलेलं गाणं नेमकं तिचं निघालं. ज्या शतकात 'कलाकार मोकळा झाला' असं आठ रविवार ऐकतो त्यात कोण मोकळं झालं नाही याला एक अख्खा रविवार पाहिजेच. हिराबाई बडोदेकरांच्या शहरात तर पाहिजेच पाहिजे. मी बाईंना हे बोलले, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

व्हर्दीलाही पंधरा मिनिटं, आणि शेवटच्या रविवारी ब्राम्स, चायकोव्हस्की, द्वोर्झाक सगळे एका बैठकीत कोंबले, द्वोर्झाकची ती १८९३ ची न्यूयॉर्कची सिंफनी अर्धवटच थांबवली. स्पीकर साधे आहेत, चेलो आणि डबल बास नीट ऐकू येत नाहीत, बर्लियोझला ते जाणवलं, स्वतःचे चांगले हेडफोन असतील तर घरी जाऊन तोच भाग परत ऐका. झेरॉक्स नोट्स फक्त इंग्रजीत, बोलणं मात्र मराठीत. जिना उंच आणि अरुंद, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी विचार करून जा, बाबा मधे एकदा थांबायचे. एखादा रविवार चुकला तर रेकॉर्डिंग मिळत नाही, पैसेही परत नाहीत. पार्किंग गल्लीत दुचाकीपुरतं.

नोटेशन वाचता यायला पाहिजे असं काही नाही, चौदातल्या तिघांनाच येत होतं. ज्यांना घाईत 'टॉप टेन' पाहिजे त्यांना कंटाळा येईल, कारण इथं एक गोष्ट दोनदा आणि पूर्ण ऐकवतात. ख्याल ऐकणाऱ्यांनी तर डोळे मिटून नाव घाला. पुढची बॅच गणपतीनंतर आहे. जाल तेव्हा दहा मिनिटं आधी पोचा आणि पियानोच्या डावीकडची खुर्ची धरा, बाईंचा डावा हात तिथूनच दिसतो.