गोलाणीतले कॅसेटवाले काका: ताईची कॅसेट वाचली राव

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलवाल्यांच्या गर्दीत एक काका अजून टेप रिपेअर करतात आणि जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतात, मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. ताईची कॅसेट होती, कॉलेजात असताना रेकॉर्डिंगवाल्याला गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेली, ९० मिनिटांची. आपल्याकडचं ऊन माहितीये ना, कित्येक उन्हाळे माळ्यावर काढले तिने, टेपला पांढरी बुरशी आणि आतला तो फोमचा बारका तुकडा कधीच गळून पडलेला. दोन दुकानदारांनी तर बघूनच परत दिली. काकांनी टेप दुसऱ्या कव्हरात बसवली, टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारा भाग, स्पिरिटने पुसलं आणि बारक्या स्क्रू ड्रायव्हरने हेडचा अँगल थोडा थोडा फिरवत राहिले, दबलेला आवाज एकदम मोकळा झाला तेव्हा अंगावर काटाच आला.

कॅसेट उतरवायची तर ती पूर्ण वाजवावीच लागते, म्हणून दीड तास तिथेच बसलो. बी साइडला रॉक्सेट या स्वीडिश जोडीचं 'इट मस्ट हॅव बीन लव्ह' आणि त्याला लागूनच आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरचं 'नथिंग कम्पेअर्स टू यू'. दोन्ही ब्रेकअपची, दोन्ही १९९० ची सुपरहिट, मला एवढंच माहीत. काका म्हणाले, "थांब भो, हे शिनेडचं गाणं पहिले कोणी ऐकेलच नव्हतं."

मूळ गाणं अमेरिकन गायक प्रिन्सने लिहिलेलं, १९८५ ला 'द फॅमिली' नावाच्या बँडच्या अल्बममध्ये आलं, सिंगल म्हणून काढलंसुद्धा नाही, अल्बम चालला नाही आणि गाणं तसंच पडून राहिलं. काकांनी ते मोबाइलवर लावून दाखवलं. छान सजवलंय, सूर पक्के, पण गाणाऱ्याचं काही हरवलंय असं वाटत नाही. शिनेडचं म्हणजे मागे अगदी मोजकं म्युझिक आणि पुढे तिचा एकटीचा आवाज, व्हिडिओत तर बहुतेक वेळ नुसता चेहरा आणि डोळ्यातून खरं पाणी येतं. अमेरिकेत चार आठवडे एक नंबरला होतं ते. रॉक्सेटचं तर १९८७ ला ख्रिसमससाठी केलेलं, जर्मनीतल्या कंपनीला पाहिजे होतं म्हणून, आणि त्यांनीच ते काढलं नाही! मग 'प्रिटी वुमन' या सिनेमासाठी त्यातला ख्रिसमस काढून नुसता हिवाळा ठेवला आणि तेही अमेरिकेत एक नंबर. शब्द जवळजवळ तेच, चाल तीच, फक्त सिनेमात नायिका निघून जाते तिथे ते वाजलं आणि लोकांना कळलं की हे कशाचं गाणंय.

शिनेडच्या गाण्याच्या सुरुवातीला टेप फार झिजलेली, आवाज खालीवर होतो. काकांनी विचारलं, कॉम्प्युटरवर सारखं करून देऊ का, मी तिथूनच ताईला फोन लावला. ती म्हणाली राहू दे, मीच रिवाइंड करकरून घासलंय ते.

कॅसेटमागे २०० रुपये, मला कमीच वाटले. तक्रारी दोन: गुरुवारी देतो म्हणाले आणि रविवारी दिलं, आणि गाणी वेगवेगळी केलेली नाहीत, एका साइडची एकच लांब फाइल, हवं ते गाणं शोधायला वैताग येतो. आधीच सांगून ठेवा. पार्किंगचा त्रास आहे, सकाळी लवकर जा.

आता आजीने कानबाईच्या रोटाला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या सणाला, म्हटलेल्या गाण्यांची कॅसेट सापडलीये, ती घेऊन जायचंय.