परतफेडीला वीस मिनिटे: कॅथलिक नैतिक ईशज्ञानाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

कॅथलिक नैतिक ईशज्ञानाचा, म्हणजे श्रद्धेच्या आधारे योग्य-अयोग्य वर्तनाचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, दहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला दीड तासाचे एक ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान, सोबत वीस-पंचवीस पानांचे वाचन आणि दर पंधरवड्याला एका काल्पनिक प्रसंगावर लेखी निर्णय लिहून पाठवणे, अशी त्याची रचना होती. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. मी एका कार्यालयात पगारपत्रके तयार करते आणि धर्मशास्त्राचे औपचारिक शिक्षण मला नाही. अभ्यासक्रमाच्या शीर्षकात ‘न्याय’ आणि ‘दैनंदिन जीवन’ हे शब्द शेजारीशेजारी दिसले, म्हणूनच मी नाव नोंदवले.

पहिले दोन आठवडे इतिहासाचे होते. जाणत्या वयाच्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली द्यावी, असा नियम चर्चच्या 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला आणि गंभीर पापे प्रकार व संख्येसह सांगावीत, असे ट्रेंटच्या परिषदेने 1551 मध्ये ठरवले. त्यामुळे हे शास्त्र कित्येक शतके पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या हाताशी असलेल्या मार्गदर्शिकांच्या रूपात वाढले आणि न्यायाधीशासारखा विचार करू लागले, हा धागा व्याख्यात्यांनी उत्तम उलगडून दाखवला. मात्र जर्मन ईशज्ञानी बर्नार्ड हेरिंग यांचा या विषयावरील 1954 मधील ग्रंथ आणि पवित्र शास्त्राच्या आधारावर नैतिक ईशज्ञानाची नव्याने मांडणी व्हावी ही चर्चच्या 1962 ते 1965 मधील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची अपेक्षा, या टप्प्यावर आल्यावर त्यांचा सूर एकदम विजयी झाला. जुने ते सारे रूक्ष आणि नवे ते जिवंत, ही मांडणी मला पटली नाही. त्या जुन्या मार्गदर्शिकांना वजनमापातली लबाडी, उसनवारी, वारसाहक्काची भांडणे आणि नोकराची थकलेली मजुरी यांची जी बारीक माहिती होती, ती पुढच्या अनेक भारदस्त मजकुरांत सापडत नाही, आणि हे याच अभ्यासक्रमाच्या वाचनातून दिसून येते.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यापर्यंतचा न्यायाचा भाग हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर आणि अखंड इच्छा, ही रोमन कायद्यातून आलेली न्यायाची व्याख्या संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आधाराला घेतली आणि सद्गुणांच्या विवेचनात सर्वाधिक जागा न्यायालाच दिली: प्रश्नांच्या रूपात रचलेल्या त्यांच्या ‘सुम्मा’ या ईशज्ञानाच्या महाग्रंथाच्या त्या भागात प्रश्न 57 पासून 122 पर्यंतचा मजकूर न्याय आणि त्याच्याशी जोडलेल्या सद्गुणांचा आहे. व्याख्यात्यांनी त्यातला धान्याच्या व्यापाऱ्याचा प्रसंग निवडला आणि त्यावर चाळीस मिनिटे खर्च केली. टंचाई असलेल्या ठिकाणी एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी व्यापारी येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्याने ते सांगितलेच पाहिजे का? अक्वायनस यांच्या मते, चालू भावाने विकून तो गप्प राहिला तर न्यायाचा भंग होत नाही. पण त्याने सांगितले किंवा भाव उतरवला, तर त्याचा सद्गुण अधिक भरीव ठरेल. मालातच लपलेला दोष असेल आणि त्यातून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल, तर मात्र मौन चालत नाही. देणे किती लागते आणि चांगुलपणा किती पुढे जाऊ शकतो, यांमधली रेघ इतकी स्वच्छ आखलेली मी अन्यत्र पाहिली नव्हती.

वेतनावरील व्याख्यान मी दोनदा ऐकले. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात (पोपच्या अधिकृत शिकवणपत्रात) असे मांडले की मालक आणि कामगार यांचा करार मुक्तपणे झालेला असला तरी त्याच्याही आधीचा आणि वरचा एक नैसर्गिक न्याय असतो, आणि काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतके तरी वेतन असलेच पाहिजे. चर्चची शिकवण एकत्र मांडणाऱ्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही, दोन्ही पक्षांनी मान्य केले एवढ्यावरून वेतनाची रक्कम न्याय्य ठरत नाही, असे म्हटले आहे. तेथे ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेच्या विवेचनात अन्याय्य वेतन, करचुकवेगिरी, उधळपट्टी आणि नीट न केलेले काम हे सारे एकाच रांगेत बसवलेले आहे. वेतनपत्रकावरची सही म्हणजे विषय संपला, अशा समजुतीने इतकी वर्षे काम केलेल्या माझ्यासारखीला हे वाचन अस्वस्थ करणारे होते. याच आठवड्याच्या लेखी प्रसंगात तोट्यातला धंदा दिला होता आणि मी मालकाला फार लवकर सोडून दिले. परीक्षकांनी मला पोप पायस अकरावे यांच्या 1931 च्या परिपत्राकडे परत पाठवले. धंद्याची स्थिती विचारात घ्यावी हे त्यात मान्य आहे, पण नफा घटण्याचे कारण गलथान कारभार किंवा मालकाची अनास्था असेल, तर वेतन कापण्याचे ते न्याय्य कारण ठरत नाही, असेही त्यात बजावलेले आहे.

माझी मुख्य तक्रार परतफेडीविषयी आहे. पाप क्षमा झाले तरी घेतलेली वस्तू परत करण्याचे बंधन उरते, हा या शास्त्राचा सर्वांत टोकदार विचार आहे, आणि त्याला सहाव्या आठवड्यात जेमतेम वीस मिनिटे मिळाली. ‘सुम्मा’चा 62 वा प्रश्न परतफेड कोणी करायची याची यादी देतो, आणि त्या यादीत वस्तू प्रत्यक्ष उचलणारा एकटा नाही: हुकूम देणारा, सल्ला देणारा, संमती देणारा, खुशामतीने चढवणारा, आश्रय देणारा, वाटा घेणारा, आणि कर्तव्य असूनही गप्प बसणारा, न अडवणारा व उघड न करणारा, असे नऊ मार्ग त्यात मोजलेले आहेत. कार्यालयात बसून इतरांचे आकडे जुळवणाऱ्या माणसाला ही यादी थेट लागू पडते. बदनामी केल्यावर त्या माणसाचे नाव पूर्ववत करणे हीसुद्धा परतफेडच, हा मुद्दा तर एका वाक्यात उरकला गेला. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात त्याच्या हेतूसह सामील होणे आणि केवळ कृतीपुरता हातभार लागणे, हा अठराव्या शतकातील नैतिक ईशज्ञानी संत आल्फॉन्सस लिगोरी यांच्या परंपरेतला भेद येथेच यायला हवा होता; तो शेवटच्या आठवड्यात एका तळटीपेत भेटला.

आठव्या आणि नवव्या आठवड्यांतील व्याख्याने परिपत्रांची यादी होऊन बसली. जे काम लहान समूहाला जमते ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे 1931 च्या त्याच परिपत्रातले तत्त्व नीट समजावले गेले. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 मध्ये वापरलेली ‘पापाच्या संरचना’ (व्यक्तींच्या पापांतून घट्ट झालेल्या अन्यायी व्यवस्था) ही कल्पना, 2015 चे पर्यावरणावरील परिपत्र आणि 2020 चे बंधुत्वावरील परिपत्र यांच्या वाट्याला सालापलीकडे फारसे काही आले नाही. त्या मानाने धर्मशिक्षण ग्रंथातला मृत्युदंडासंबंधीचा परिच्छेद 2018 मध्ये का बदलला, याची चर्चा मोकळी आणि प्रामाणिक होती.

सेवेबद्दल थोडे. लेखी उत्तरांवरील अभिप्राय तीन-तीन आठवडे उशिरा येत, पण आले की मनापासून वाचून लिहिलेले असत. शेवटची परीक्षा मात्र पन्नास बहुपर्यायी प्रश्नांची होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न सालांचे आणि नावांचे होते. प्रसंग तोलायला शिकवणाऱ्या विषयाची ही परीक्षा मला अनाकलनीय वाटली. ज्यांना न्यायाविषयीच शिकायचे आहे त्यांनी तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याचा भाग स्वतंत्रपणे मिळत असल्यास तेवढाच घ्यावा.

सातव्या आठवड्याचे, सद्सद्विवेकबुद्धीवरील व्याख्यान अखेरपर्यंत उपलब्ध झालेच नाही. त्या प्रमाणात शुल्क परत मिळावे म्हणून मी पत्र लिहिले, तेव्हा थोडा अवधी द्यावा अशी नम्र विनंती करणारे उत्तर आले. 62 व्या प्रश्नाच्या शेवटच्या कलमात अक्वायनस हेच विचारतात की परतफेड तत्काळ केली पाहिजे का, आणि उत्तर देतात की तत्काळ करावी, किंवा ज्याचे देणे आहे त्याच्याकडे मुदत मागावी. संस्थेने मुदत मागितली आहे आणि मी ती दिली आहे.