ल्यूक ओ'कॉनरच्या व्हिक्टोरिया क्रॉसचा रेप्लिका सेट: मेडल ठीक, पुस्तिका अर्धवट (5 पैकी 3)

मला जुन्या लष्करी मेडल्सचं वेड आहे हे घरात सगळ्यांना माहितीये, त्यामुळे पार्सल आलं की बायको आधी "किती घातलेस?" एवढंच विचारते. यावेळी 34 पौंड. इथे यूकेतल्याच एका ऑनलाईन दुकानातून मागवलं, नाव घेत नाही. लाकडी डबी, आत व्हिक्टोरिया क्रॉसची (थोडक्यात व्हीसी, ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक) नक्कल, मागे क्रिमियाच्या युद्धात तो मिळवणाऱ्या सार्जंट ल्यूक ओ'कॉनरचं नाव कोरलेलं, सोबत त्याच्या आयुष्यावरची 24 पानी पुस्तिका. (त्या काळी सार्जंट-शिपायांना खऱ्या व्हीसीबरोबर वर्षाला 10 पौंड पेन्शन मिळायचं, म्हणजे मी नकलेवरच जवळजवळ साडेतीन वर्षांचं पेन्शन उडवलं.)

आधी मेडलबद्दल. लांबून बघितलं तर छान वाटतं. वर मुकुट, मुकुटावर सिंह, खाली 'फॉर व्हॅलर'ची पट्टी, सगळं आपापल्या जागी. पण खरा व्हीसी काळपट तपकिरी असतो, अजिबात चमकत नाही आणि हा मेला नव्या पितळी समईसारखा चकाकतोय. जाहिरातीत मोठ्ठं लिहिलंय 'अस्सल ब्राँझ', म्हणून फ्रिजवरचं चुंबक काढून जवळ नेलं तर टच्चकन चिकटलं. ब्राँझला चुंबक चिकटत नाही हो! आतून लोखंड आणि वरून रंग, बाकी काही नाही. व्हीसी सेव्हास्तोपोलला पकडलेल्या रशियन तोफांच्या धातूचे बनतात, या गोष्टीचीही पुस्तिकेत अख्खी दोन पानं आहेत, त्यावर काही बोलत नाही, कारण खऱ्या व्हीसींचा धातू तपासला तेव्हा बऱ्याच क्रॉसमध्ये चिनी तोफांचा निघाला.

सगळ्यात मोठी गंमत फितीची. डबी उघडली तर निळी फीत! 1918 पर्यंत निळी फीत नेव्हीच्या व्हीसीला असायची, लष्कराला गडद लाल. ओ'कॉनर 23 व्या पलटणीतला, रॉयल वेल्श फ्युझिलियर्सचा, पायदळातला माणूस, त्याला निळी कशी? फोटोसकट ईमेल केली, पहिलं उत्तर आलं की 'स्क्रीनवर रंग वेगळा दिसू शकतो'. अहो, मी स्क्रीन नाही, फीत हातात धरून बसलोय! दुसऱ्या ईमेलनंतर मात्र चार दिवसांत लाल फीत आली, पैसे न घेता, त्याचा अर्धा स्टार दिलाय.

आता पुस्तिका, आणि माझा खरा राग तिच्यावरच आहे.

आल्माची लढाई त्यांनी चांगली रंगवलीये, खोटं कशाला बोलू. 20 सप्टेंबर 1854, क्रिमियात ब्रिटन-रशिया युद्ध, नदी ओलांडून उंचावरच्या रशियन तोफांवर सरळ चाल, ध्वज घेतलेला लेफ्टनंट अँस्ट्रदर कोसळला, त्याच क्षणी शेजारच्या सार्जंट ओ'कॉनरच्या छातीत गोळी लागली, तोही पडला, पण उठला, जमिनीवरचा ध्वज उचलला आणि लढाई संपेपर्यंत सोडला नाही. कॅप्टन ग्रॅनव्हिल सांगत होता की जखम आहे, मागे जा, तरी नाही. पुढच्या वर्षी 8 सप्टेंबरला सेव्हास्तोपोलच्या रेडान या रशियन तटबंदीवरच्या हल्ल्यात गोळी दोन्ही मांड्यांतून गेली. 26 जून 1857 ला हाइड पार्कमध्ये राणीने घोड्यावर बसूनच 62 जणांना पहिले व्हीसी लावले, त्यात हा होता. हे सगळं आहे आणि चित्रंही बरी आहेत.

पण मग एकदम 'पुढे तो मेजर जनरल झाला' आणि पुस्तिका खतम. अरे, मधलं कुठे गेलं?

आणि आधीचं तरी कुठे आहे? हा मुलगा आयर्लंडमधल्या रॉसकॉमनचा, 1831 चा जन्म, एल्फिनजवळ. लहानपणी घरचे कॅनडाला निघाले, वडील बोटीवरच गेले, तिकडे पोचल्यावर आईही गेली आणि हा पोरका पोर परत आयर्लंडला आला. 1849 मध्ये पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती. ऑफिसरकी पैसे मोजून विकत घ्यायचा काळ होता तो, ती पद्धत 1871 ला बंद झाली, अशा सैन्यात हा खालून वर चढत गेला. पुस्तिकेत याला एक ओळ, 'आयर्लंडमध्ये जन्म', बस.

आणि मराठी माणूस म्हणून मला सगळ्यात खुपलं ते 1857 गाळलेलं. हाइड पार्कमध्ये छातीवर क्रॉस लागून सहा महिनेही झाले नव्हते, तोवर ही पलटण लखनौला. खरं तर चीनला निघाली होती, वाटेत वळवून हिंदुस्थानात आणली. डिसेंबरात कानपूरला ब्रिटिश सेनापती कॅम्पबेलने तात्या टोपेंच्या फौजेला मागे रेटलं तेव्हाही 23 वी तिथे होतीच. म्हणजे ज्याची गोष्ट वाचताना माझा जीव आल्माच्या चढावर अडकला होता, तोच तीन वर्षांनी आपल्या माणसांसमोर उभा. हे वाचायला अवघड जातं, पण म्हणूनच छापायला हवं होतं ना! नंतर 1873-74 ची पश्चिम आफ्रिकेतली आशांती मोहीम, 1913 ला सर ही पदवी, 1 फेब्रुवारी 1915 ला लंडनमध्ये मृत्यू, यातलंही काही नाही.

घ्यावं का? पोरांना शाळेच्या प्रोजेक्टला चालेल. खरा क्रॉस बघायचा असेल तर तो वेल्समध्ये केनार्व्हनच्या किल्ल्यात, त्याच्या पलटणीच्या म्युझियममध्ये आहे, 34 पौंड तिकडच्या प्रवासाला ठेवा. निळी फीत दुकानाने परत मागितली नाही, ती मी पुस्तिकेत खुणेला घातलीये, हाइड पार्कच्या पानानंतर, लखनौ जिथे यायला हवं होतं तिथे.